न जुमानणारं कायनेज

गोळी आता काम करेनाशी झाली आहे असं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा ताईने विचारलं, "मग उद्या सकाळची शिकवणी घ्यायला हरकत नाही ना?"

डॉक्टर माझ्याकडे बघायला लागले. मी भिंतीवरच्या हाडांच्या चित्राकडे.

माझी ताई मोटार चालवायला शिकवते. ती आणि दादा मिळून ड्रायव्हिंग स्कूल चालवतात, म्हणजे दादा टेबलाशी बसतो आणि ती गाडीत. घाबरट माणसं शोधत शोधत तिच्याकडे येतात, कारण शिकणाऱ्यावर ती कधीच ओरडत नाही. ओरडते ती मागून हॉर्न वाजवणाऱ्यांवर, काच खाली करून, अर्धं अंग बाहेर काढून. तिला रक्ताचा कॅन्सर आहे. हा शब्द आला की लोक आवाज खाली आणतात, म्हणून ती तो भाजीवाल्यापाशीसुद्धा मुद्दाम खणखणीत आवाजात उच्चारते.

त्या रोगामागे एक प्रथिन आहे. पेशीला 'वाढ' असा निरोप देणारं. तुमच्याआमच्यात ते निरोप देतं आणि गप्प बसतं. ताईच्या रक्तात ते गप्प बसायचं विसरून गेलं होतं. रोजची गोळी त्याच्या खोबणीत जाऊन बसायची आणि त्याचं तोंड बंद करायची. कितीतरी वर्षं हे बिनबोभाट चाललं. आता त्या प्रथिनात एका ठिकाणी बदल झाला होता, खोबणीचा आकार जरासा पालटला होता आणि गोळीला आत शिरायला जागाच उरली नव्हती. बदलही असा की फारसा कुणात न सापडणारा.

डॉक्टर कागदावर चित्र काढून हे समजावत होते. ताई म्हणाली, "डॉक्टर, हिला नका सांगू. हिचं पोटच त्याच्यावर चालतं."

ते खरं होतं. त्या जातीच्या प्रथिनांना कायनेज म्हणतात, आणि मी जिथे काम करते तिथे आम्ही माणसाचं कायनेज तयार करून प्रयोगशाळांना पुरवतो. माणसाचा जनुक एका विषाणूत घालायचा, तो विषाणू पाखरांच्या, म्हणजे पतंगांच्या पेशींमध्ये सोडायचा. त्या पेशी काचेच्या चंबूत हेलकावे खात माणसाचं प्रथिन बनवत बसतात. मग पेशी फोडायच्या, बाकीचा सगळा गाळ धुऊन काढायचा, उरलेलं प्रथिन जिवंत आहे का, म्हणजे आपलं काम करतंय का ते तपासायचं, आणि इवल्या इवल्या नळ्यांत भरून गोठवायचं. कुठेतरी कुणीतरी नवं औषध शोधत असतं. आपल्या पदार्थाने हे कायनेज थांबतं का, हे बघायला त्यांना ते लागतं. नळीवर चिठ्ठी असते: 'मानवी. रीकॉम्बिनंट. फक्त संशोधनासाठी. माणसांवर वापरू नये.'

रीकॉम्बिनंट म्हणजे असं दुसऱ्याच्या पेशीत बनवून घेतलेलं. ती चिठ्ठी मी एकदा ताईला वाचून दाखवली होती. "माणसाचं, पण माणसाला चालत नाही," ती म्हणाली होती. "आपला दादाच की!"

त्या दिवशी हॉस्पिटलमधून परतताना गाडी तीच चालवत होती. सिग्नलला थांबलो तेव्हा तिने विचारलं, "तुमच्याकडे ते आहे ना गं? माझ्यातलं?"

"आहे. पण मूळचं. तुझं बदललेलं नाही."

"का नाही?"

"कुणी मागितलं नाही."

"मग मी मागते."

"ताई, ते औषध नाही. औषध शोधणाऱ्यांना लागतं ते. शोधून, पारखून माणसांपर्यंत काही यायचं म्हणजे वर्षंच्या वर्षं जातात. तुला त्याचा काडीचा उपयोग नाही."

"मी कुठे म्हणतेय मला ते प्यायचंय?" सिग्नल सुटला, तिने गिअर टाकला. "ते माझ्या अंगात बसून मला ठेंगा दाखवतंय. आणि बाहेर कुणी त्याला धरून नीट बघितलंसुद्धा नाही, कारण काय, तर मागणी नाही! हे मला पटणारं नाही, छोटी."

मला अजून छोटी म्हणणारी जगात ती एकटीच उरली आहे.

आमच्या प्रमुख मॅडमना सगळे पाठीमागे 'उणे ऐंशी' म्हणतात. प्रथिनं ठेवायचा मोठा फ्रीजर तितके अंश थंड असतो. त्यांनी माझं सगळं बोलणं ऐकून घेतलं आणि विचारलं, "किती प्रयोगशाळा मागतायत?"

"एकही नाही."

"मग?"

"मिळतच नाही म्हणून कुणी मागत नाही. आहे म्हटलं तर मागतील."

त्यांनी चष्मा काढला. "बहिणीचं आहे ना?"

मी कुणाला सांगितलं नव्हतं. पण अशा गोष्टी सांगाव्या लागत नाहीत.

"हो."

"घरचं दुखणं प्रयोगाच्या बेंचवर आणू नका. हात थरथरतो."

मी दोन्ही हात त्यांच्या टेबलावर पुढे धरले. ते थरथरत नव्हते. मॅडमनी हातांकडे न बघताच पुढची फाइल उघडली.

घरी वेगळंच रामायण चालू होतं. दादाने गाडीच्या वेळापत्रकातून ताईचं नाव काढून टाकलं होतं आणि ऑफिसात एक आरामखुर्ची आणून ठेवली होती. चांगली होती खुर्ची, पाय टेकवायला फळीसुद्धा होती. "तू नुसती बस इथे," तो म्हणाला. "फोन घे वाटलं तर. गाडीला मी दुसरा माणूस बघितलाय."

"मला न विचारता?"

"तुला काय विचारायचं? तू नाहीच म्हणणार."

"मग नाही."

"अगं, तुझ्या काळजीने..."

"काळजी कर ना. मी कुठे अडवलंय? पण किल्ली दे."

दादाने किल्ली खिशात घातली आणि खिशावर हात ठेवला. वहिनी मधे पडली, "त्यांना रात्ररात्र झोप नाही हो, ताई." त्यावर ताईने खुर्चीवर एकदा हात फिरवून पाहिला, आणि मला वाटलं की बाई नमली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने ती आरामखुर्ची स्वतः ओढत ओढत बाहेर नेली आणि रस्त्याच्या कडेला जिथे आमची गाडी लागते त्या जागेत नेमकी मधोमध ठेवली. मग तिच्यावर बसली, फळीवर पाय पसरले. दादा गाडी घेऊन आला तर जागाच नाही.

"ताई, ऊठ."

"पेशंट आराम करतोय."

"मागे गाड्या खोळंबल्यात!"

"त्यांना सांग मला कॅन्सर आहे. मी सांगू?" आणि तिने तिथूनच हाळी दिली. पलीकडच्या केस कापण्याच्या दुकानातून अर्धवट दाढी झालेली माणसं बाहेर आली. शिकायला आलेले एक सेवानिवृत्त गृहस्थ, जे तोवर दुसऱ्या गिअरच्या पलीकडे कधी गेले नव्हते, ते सरळ खुर्चीच्या बाजूला जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "मी शिकेन तर यांच्याकडेच." दादाने त्यांच्याकडे बघितलं, गर्दीकडे बघितलं, आणि काच खाली करून किल्ली ताईच्या मांडीवर टाकली. डोळे पाणावले होते त्याचे. ताईने ते बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं.

त्याच दिवशी मी फळ्यावर लिहिलं.

आमच्याकडे एक पांढरा फळा आहे. कोण कुठलं प्रथिन बनवतंय ते दर आठवड्याला त्यावर लिहितात. माझ्या नावासमोर, ठरलेल्या दोन कामांखाली, मी ताईतल्या बदललेल्या कायनेजचं नाव लिहिलं. चोरून काही करायचं नव्हतं मला. मॅडम आल्या, त्यांनी वाचलं आणि बोटाने तेवढी ओळ पुसून टाकली. पुढच्या आठवड्यात मी पुन्हा लिहिलं. त्यांनी पुन्हा पुसलं.

"पुसलं?" ताई घरी विचारायची.

"पुसलं."

"मग परत लिही. शाई तिच्या बापाची आहे का?"

त्यानंतरच्या खेपेला मी लिहून जागेवर आले आणि पाहते तर माझ्या ओळीखाली दुसऱ्या कुणाच्या तरी अक्षरात लिहिलेलं, 'पेशी मी देतो'. अक्षर पाखरूकाकांचं होतं. पतंगांच्या पेशी तेच सांभाळतात, म्हणून त्यांना हे नाव पडलंय. फार कमी बोलणारा, जेवणाच्या सुट्टीत शब्दकोडी सोडवणारा माणूस. मी आभार मानायला गेले तर म्हणाले, "आभार राहू दे. तो फळा बघून बघून माझं डोकं उठलंय."

मॅडमनी दोन्ही ओळी वाचल्या. मग मला हाक मारली. "एक चंबू," त्या म्हणाल्या. "एकदाच. ठरलेलं काम रखडता कामा नये. आणि फसलं तर ही ओळ मला फळ्यावर परत दिसायला नको."

"बरं," मी म्हटलं.

आणि फसलं.

पेशी आठवड्याच्या मध्यावरच सुकल्यासारख्या दिसायला लागल्या. फोडल्यावर प्रथिन होतं, पण सगळं गुठळ्या होऊन तळाशी बसलेलं, नासलेल्या दुधासारखं. तपासायलासुद्धा काही हाती लागलं नाही. मी हातमोजे काढले आणि बेसिनपाशी उभी राहून नळ नुसता वाहू दिला. मला वाटलं, मॅडमचंच बरोबर होतं. मी घाई केली होती. घरी ताई नुकत्याच सुरू केलेल्या नव्या, जालीम औषधाने उलट्या करून भिंतीला टेकून बसली होती, आणि ती हातची जायच्या आधी माझ्याकडून काहीतरी व्हायला हवं, अशा घाईने मी काम केलं होतं.

कसं झालं असेल ते मात्र घरी जाताना लक्षात आलं. जे कायनेज थांबतच नाही, ते पतंगाच्या पेशीत तरी कसं थांबेल? ते तिथेही आपलं काम रेटत राहणार, येईल त्या प्रथिनावर आपल्या निरोपाचा शिक्का मारत सुटणार आणि आपल्याला बनवणाऱ्या पेशीलाच दमवून मारणार. यावर उपाय आहे. त्याच पेशीत आणखी एक प्रथिन घालायचं, हे शिक्के पुसत जाणारं. म्हणजे पेशी तग धरते.

ताईला सांगितलं तर ती अंथरुणातूनच म्हणाली, "म्हणजे शिकवणाऱ्याच्या बाजूचा ब्रेक."

"साधारण तसंच."

"बघ! माझ्याकडून चोरलंस."

"जुनी युक्ती आहे, ताई. लोकांनी केव्हाच केलेली आहे."

"मग तू इतके दिवस काय करत होतीस?"

सोमवारी मी फळ्यावर ती ओळ पुन्हा लिहिली, आधीपेक्षा मोठ्या अक्षरात.

मॅडम आल्या. हातात फडकं होतं. अख्खी खोली एकदम कामाला लागली, म्हणजे सगळे माना खाली घालून कान टवकारून बसले.

"आपलं काय ठरलं होतं?"

"फसलं तर ओळ दिसायला नको."

"फसलं ना?"

"फसलं. का फसलं तेही कळलंय. आता नाही फसणार." मी शिक्के पुसणाऱ्या प्रथिनाचं सांगितलं.

"हे पहिल्यांदाच का नाही केलंत?"

"चुकले. पण तुम्ही एकच चंबू दिलात म्हणून ते तिथेच सोडून द्यायचं असेल, तर तसं होणार नाही. तुम्ही पुसा, मी परत लिहीन. मला कामावरून काढलंत तर दुसरीकडे जाऊन लिहीन."

माझा आवाज चढला होता. मला स्वतःलाच तो ताईसारखा वाटला. मॅडमनी फडक्याची घडी घातली, फळ्याच्या कडेला ठेवली आणि पाखरूकाकांना म्हणाल्या, "पेशी ताज्या द्या यांना. मागच्या वेळी जुन्या होत्या." आणि आपल्या खोलीत निघून गेल्या.

या वेळी पेशी टिकल्या. गाळ धुऊन निघाल्यावर हाती आलं ते थोडंसंच होतं, पण स्वच्छ. आता ते जिवंत आहे का ते बघायचं होतं. चाचणी अशी असते की कायनेजने काम केलं की तबकडीतल्या खळग्यातून उजेड येतो आणि पडद्यावर रेघ वर चढते. मी एका ओळीत मूळचं कायनेज घेतलं, शेजारच्या ओळीत ताईचं. दोन्ही रेघा वर चढल्या. मग दोन्हीकडे ताईच्या जुन्या गोळीतलं औषध घालत गेले, थोडं, मग जास्त, मग आणखी जास्त.

मूळच्याची रेघ मान टाकल्यासारखी खाली आली. ताईची ढिम्म हलली नाही.

मला वाटलं होतं मी रडेन. उलट असा राग आला की कानशिलं तापली, आणि त्या रागाच्या बुडाशी काहीतरी निवांत झालं. सापडलास. इतके महिने जे रिपोर्टातलं एक अक्षर होतं, ते इथे माझ्यासमोर तबकडीत बसून औषधाला जुमानत नव्हतं.

मॅडम कधी मागे येऊन उभ्या राहिल्या ते कळलं नाही. "जुमानत नाहीये," त्या म्हणाल्या.

"अजिबात नाही."

"पुन्हा करा. एकदा दिसलेलं मी धरत नाही."

पुन्हा केलं. पाखरूकाकांकडूनही करवून घेतलं. तेच. मॅडमनी सगळ्या रेघा एकावर एक ठेवून पाहिल्या आणि म्हणाल्या, "हे यादीत जाईल. बदलाची जागा नावात नीट लिहा, लोक गोंधळ घालतात." दारापर्यंत जाऊन त्या वळल्या. "बहिणीला बघायचं असेल तर घेऊन या. कोट घालावा लागेल."

ताई आली तेव्हा तिचा चेहरा सुजलेला होता आणि हातांवर चट्टे उठले होते. कोट तिला पायघोळ झाला. मी बर्फातून नळी उचलून उजेडात धरली.

"हे?"

"हो."

"पाणीच आहे की गं."

"त्या पाण्यात आहे."

ती वाकली, डोळा नळीजवळ नेला. "तू होय रे?" ती अगदी हळू म्हणाली. मग सरळ झाली. "मला वाटलं होतं काहीतरी काळंकुट्ट, दात विचकणारं असेल. ह्याला तर तोंडसुद्धा नाही. आणि ह्याच्याशी मी सौदे करत होते मनातल्या मनात!"

मॅडम बाजूला उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, "तुम्हाला भीती नाही वाटत?"

"वाटते की. रोज वाटते. पण त्याला कशाला कळू द्यायचं?"

मॅडम हसल्या. आमच्यापैकी कुणीच त्यांना तसं हसताना पाहिलं नव्हतं. पाखरूकाकांच्या हातातला चंबू पडता पडता राहिला.

पुढे काय झालं ते सरळ सांगते, कारण वहिनी सगळीकडे सांगत सुटली आहे की धाकटीने थोरलीचा जीव वाचवला, आणि मला ते दर वेळी खोडून काढावं लागतं. ताईला सावरून धरलं ते त्या नव्या जालीम औषधाने. ते दुसऱ्या कुणीतरी, दुसरीकडे, माझ्याही आधी शोधलेलं होतं. त्याने तिचे हाल हाल केले, पण रक्त हळूहळू ताळ्यावर आलं. डॉक्टर म्हणतात, सध्या थोपवलंय. ते 'सध्या' हा शब्द फार जपून उच्चारतात. आमच्या नळीचा त्यात काही हात नाही.

आमची नळी बाहेर गेली. पहिली मागणी आली ती मी कधी नावही न ऐकलेल्या एका प्रयोगशाळेकडून, मग आणखी काही जणांकडून. त्यांतल्या एकीने कळवलं की त्यांच्याकडचा एक पदार्थ त्या बदललेल्या खोबणीत जाऊन बसतोय. तबकडीतली गोष्ट आहे ही, माणूस अजून फार लांब आहे. ताईला सांगितलं तर म्हणाली, "बसू दे. घट्ट बसू दे मेल्याला." आणि मग, "जिला पुढे लागेल तिला लागेल. मी तोवर असेन-नसेन, त्याला तरी सुख नको."

दादाला वाटलं की आता तरी ती सबुरीने घेईल. तिने अवजड वाहनाच्या परवान्यासाठी नाव घातलं. दादा दोन दिवस जेवला नाही. डॉक्टरांनी तपासणी करून प्रमाणपत्रावर सही केली, पण करताना बराच वेळ पेन हातात धरून बसले होते म्हणे.

गेल्या रविवारी मी मैदानावर तिला बघायला गेले होते. तिचा शिक्षक वयाने तिच्यापेक्षा कितीतरी लहान आहे आणि एका जागी उभा राहून सतत ओरडत असतो. ट्रक मागे घ्यायचा होता, दोन पिंपांच्या मधून. वर केबिनमध्ये ताई इवलीशी दिसत होती, उशी घेऊन बसलेली.

"डावीकडे! अहो बाई, डावीकडे कापा! ऐकू येत नाही का?"

ताईने ब्रेक लावला, दार उघडलं आणि पायरीवर उभी राहिली. "ऐकू येतं. ओरडू नकोस. शिकणाऱ्यावर ओरडलं की त्याचे हात आखडतात. आता नीट सांग."

तो तोंड मिटून घेऊन दोन पावलं मागे सरकला. ताई पुन्हा वर चढली, आणि ट्रक मागे यायला लागला, वाकडा, धूर सोडत, एका पिंपाला घासत.